कुंभाराचं गाढव

नातवाचा संगणक आमच्या वाईच्या घरात माजघरात आहे, कारण ब्रॉडबँडचा डबा तिथे बसवलाय. त्यामुळे तो काय खेळतो ते मला दिसलं नाही तरी ऐकू येतं. मोटारींच्या शर्यतीचा खेळ. वीस-पंचवीस मिनिटं इंजिनांचा घरघराट चालायचा, मग एकदम शांतता, आणि शांततेपाठोपाठ एक शब्द, जो मी इथे लिहिणार नाही. खेळ आपोआप मिटायचा, मागे नुसता निळा पडदा. ना सूचना, ना क्षमायाचना. जूनमध्ये हे सुरू झालं आणि दसरा तोंडावर आला तरी थांबलं नव्हतं.

मी एकतीस वर्षं संस्कृत शिकवलं, त्यातली बरीचशी तर्कसंग्रहावर गेली. अन्नंभट्टाचं सतराव्या शतकातलं ते चिमुकलं पुस्तक. आठल्ये आणि बोडस यांनी १८९७ साली मुंबई संस्कृत मालेत काढलेली त्याची आवृत्ती पुढच्या कित्येक पिढ्यांनी वापरली. त्यात कारणाची व्याख्या येते: कार्याच्या आधी जे नियमाने असतं आणि ज्याला वगळून कार्य सिद्ध होत नाही ते कारण. उदाहरणं तीच ती, मडकं आणि कापड. मुली जांभया द्यायच्या. खरं सांगायचं तर व्याख्या मी एकतीस वर्षं शिकवली, पण ती हातात धरून एखाद्या गोष्टीचं कारण शोधायला निघाले, असं आयुष्यात एकदाही घडलं नव्हतं. घरातला दिवा गेला तर मी वायरमनला फोन करणारी बाई.

त्या प्रकरणात मुलींना फक्त एकच गोष्ट आवडायची. मडकं घडायला माती लागते, चाक लागतं, चाक फिरवायचा दांडा लागतो, कुंभार लागतो. मग ती माती पाठीवर वाहून आणणारं गाढव कारण का नाही? आणि कुंभाराचा बाप? तो नसता तर कुंभारच नसता. आणि दांड्याचा रंग? दांडा जिथे असेल तिथे त्याचा रंग असणारच. नैयायिक म्हणतात, ही सगळी मंडळी तिथे हजर असतात, पण त्यांच्यावाचून काही अडत नाही. त्यांना ते अन्यथासिद्ध म्हणतात. न्यायशास्त्रातली ही सर्वांत कामाची कल्पना आहे असं आता माझं मत झालंय. कारण शोधणं म्हणजे बहुतेक वेळा गाढवं बाजूला काढणं.

आमच्याकडे गाढवांचा तांडा होता. पहिला संशय खेळावरच. नातवाने तो काढून पुन्हा उतरवून घेतला, रात्रभर ब्रॉडबँड त्यातच गुंतलं. तीन दिवसांत पुन्हा तेच. मग ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर. सेफ मोडमध्ये जाऊन जुना मुळापासून पुसायचा आणि नवा घालायचा, असा विधी असतो. तोही झाला. एक मित्र म्हणाला, रॅमवर ते रंगीत दिवे लागतात ना, त्यांनीच घोळ होतो. दांड्याचा रंग! मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. (दिवे चालवणाऱ्या प्रोग्रॅममुळे कधीकधी खरंच खेळ बंद पडतात म्हणे, पण आमचे दिवे बंद करूनही काही फरक पडला नाही.) कुंभाराचा बाप म्हणजे माझा मुलगा. त्याने या डब्याचे हप्ते भरले होते, त्यामुळे कुणी विचारलं नसतानाही तो रोज रात्री पुण्याहून फोन करून आपलं मत देई.

खंडेनवमीच्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. सकाळी साताऱ्याहून दुरुस्तीवाला मुलगा आला. त्याने कॅबिनेट उघडलं, ब्लोअरने धूळ उडवली, स्क्रू आणि एक नाण्याएवढा सेल माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला, "काकू, हे जरा धरा." मग रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले, सगळं परत बसवलं आणि म्हणाला, "कार्बन धरला होता. आता बघा." संध्याकाळी शस्त्रांच्या पूजेत नातवाने संगणकालाही हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. तेवढ्यात मोठ्या जाऊबाई आल्या होत्या. "दृष्ट लागलीय गं त्या डब्याला, येणारा-जाणारा बघत असतो," म्हणाल्या, आणि मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. तडतडली नाही फारशी. त्यांच्या मते ते चांगलं लक्षण नव्हतं, दृष्ट पक्की होती.

त्या रात्रीपासून खेळ बंद पडेना. एक दिवस, चार दिवस, आठ दिवस. घरात दोन पक्ष पडले, खोडरबर आणि मोहरी. नातू खोडरबराच्या बाजूने होता, पण त्याने ते झेंडूचं वाळलेलं फूल कॅबिनेटवरून काढलं नाही, हे मी पाहिलं. मी म्हणाले, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली असेल. जाऊबाई म्हणाल्या, "मग तुझा खोडरबर तरी कशावरून कावळा नाही?" यावर मला उत्तर नव्हतं. दोन्ही उपाय एकाच दिवशी झाले होते. दोन्ही होते तेव्हा गुण आला. एक होता आणि दुसरा नव्हता, असा दिवसच आमच्याकडे नव्हता.

बाराव्या दिवशी खेळ पुन्हा बंद पडला.

आता मी एक वही काढली. जुनी कॉलेजची हजेरीची वही, तिच्यात रकाने आयते होते. तारीख, वेळ, किती मिनिटांनी पडला, त्याआधी काय बदललं. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नातवाला हा नियम जाचक वाटला. त्याचं वय सगळं एकदम बदलून टाकायचं. पण त्याने मला इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक जागा दाखवली. तिथे विंडोज प्रत्येक पडझडीची नोंद ठेवतं, १००० क्रमांकाची, आणि कोणत्या फाइलपाशी प्रोग्रॅम कोसळला तिचं नाव देतं. आम्ही चार नोंदी उतरवून घेतल्या. एकदा नाव खेळाचं, एकदा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं, दोनदा विंडोजच्याच एका मूळ फाइलचं. नातू वैतागला. "आजी, हे दर वेळी वेगळंच नाव घेतंय!" मला मात्र इथे पहिल्यांदा उजेड दिसला. दर वेळी वेगळ्या माणसाचं नाव घेणारा साक्षीदार खोटं बोलत नसतो. ज्याच्या अंगणात माणूस पडला त्याचं नाव तो सांगतो, कुणी ढकललं ते त्याला माहीत नसतं. सगळ्यांच्या अंगणाखालून जाणारं काहीतरी शोधायला हवं होतं.

संदेशावर विश्वास ठेवला की काय होतं याचं एक उदाहरण नातवानेच सांगितलं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ कोसळायचे आणि पडद्यावर यायचं की ग्राफिक्स कार्डाची मेमरी अपुरी आहे. साहजिकच संशय कार्डावर जाई. दोष निघाला प्रोसेसरात. त्याला हवं त्यापेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं आणि तो आतून झिजत होता. कंपनीने २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यावर सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आमच्या डब्यात तो प्रोसेसर नाही. पण कार्डाच्या नावाने बोटं मोडणाऱ्या त्या सगळ्यांचा विचार करताना मला धूर आणि अग्नी आठवले. जिथे अग्नी तिथे धूर, हे चूक, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मध्ये ओल्या लाकडाचा संबंध लपलेला असतो. त्याला शास्त्रात उपाधी म्हणतात. आमचं ओलं लाकूड कुठे होतं?

"जूनमध्ये तू काय बदललंस?"

"काही नाही आजी. मी काहीच केलं नाही."

डॉक्टरांकडे, वकिलांकडे आणि दुरुस्तीवाल्याकडे हे वाक्य रोज उच्चारलं जात असणार. मी वही पुढे केली. तासाभराने, पोहे खाता खाता, बातमी बाहेर आली. एप्रिलमध्ये वाढदिवसाला त्याने रॅमची दुसरी पट्टी घेतली होती, आठ जीबीची, दुसऱ्या बनावटीची, कारण आधीची मिळेना. आणि जूनमध्ये कुठलासा व्हिडिओ पाहून बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केलं होतं. रॅमच्या पाकिटावर ३२०० असा वेग लिहिलेला असतो, पण तो तसा मिळत नाही, पट्टी सावध गतीने, आमच्याकडे २४०० वर, चालू होते. एक्सएमपी चालू केलं की व्होल्टेज १.२ वरून १.३५ होतं आणि पट्टी लिहिलेल्या वेगाने धावते. एक टिचकी, विसरून गेला.

मग चार रात्री मेमटेस्ट८६. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा. विंडोज उठतच नाही. तो प्रोग्रॅम मेमरीच्या प्रत्येक घरात काही ना काही लिहितो, परत वाचतो आणि जुळवून पाहतो. फुकट मिळणारी आवृत्ती चार फेऱ्या करते. दोन्ही पट्ट्या ३२०० वर: तिसऱ्या फेरीत लाल ओळी. नातू आनंदाने ओरडला, नवीन पट्टी खराब! नवीन एकटी, ३२०० वर: चार फेऱ्या, एकही चूक नाही. मग जुनी खराब. जुनी एकटी, त्याच खाचेत, ३२०० वर: स्वच्छ. चौथ्या रात्री दोन्ही, पण २४०० वर: स्वच्छ.

म्हणजे कुठलीच पट्टी खराब नव्हती. त्याला ते पटेना. "पण मग चूक कुणाची?"

कापडाची तीन कारणं सांगतात. सूत हे समवायी, त्यातच कापड राहतं. धोटा आणि माग निमित्त. तिसरं, ज्याला वर्गात सगळ्यात कमी लक्ष मिळायचं ते असमवायी, म्हणजे सुतांचा एकमेकांशी संयोग. संयोग दोन सुतांत राहतो, एका सुतात नाही. आमचा दोष त्या जातीचा होता. दोन भिन्न घडणीच्या पट्ट्या, बोर्ड दोघींना एकाच वेळापत्रकाने पळवतो, संथ चालीत निभतं, वेगात पाऊल चुकतं. वॉरंटीत बदलून मागावी अशी एकही वस्तू त्यात नव्हती. हे ऐकून जाऊबाई म्हणाल्या, "आमच्या धाकटीच्या लग्नासारखं. दोघंही सोन्यासारखी, पण." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

आणि मग खंडेनवमी. ते अकरा दिवस कसे निघाले? नातू विचार करत होता, मी तळहाताकडे बघत होते. तो सेल! मदरबोर्डवरचा तो नाण्याएवढा सेल काढला की बायोसच्या सगळ्या नेमणुका पुसल्या जातात. एक्सएमपी आपोआप बंद झालं होतं. नातवाला आठवलं, त्या संध्याकाळी संगणकाची तारीख चुकली होती, ती त्याने दुरुस्त केली होती. आणि बाराव्या दिवशी टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग २४०० दिसला म्हणून त्याने स्वतःच्या हाताने एक्सएमपी पुन्हा चालू केलं होतं. खोडरबर नाही, मोहरी नाही. जे खरं कारण होतं ते मी स्वतः मुठीत धरून बसले होते, आणि दोन पक्षांतल्या कुणीही ते मोजलं नव्हतं. दुरुस्तीवाल्यानेसुद्धा नाही. त्याने सवयीने काढला होता.

वैशेषिकांकडे अशा न मोजलेल्यासाठी एक शब्द आहे, अदृष्ट. सुई लोहचुंबकाकडे का धावते, तर अदृष्टामुळे, असं त्यांचं सूत्र सांगतं. अग्नीची ज्वाळा वर का जाते, तेही त्याच खात्यात. तोच शब्द पुढे पापपुण्याच्या साठ्याला लागला, आणि मग माणसाच्या वाट्याला जे जे येतं ते सगळं त्यात मावू लागलं. मी त्या शब्दाची चेष्टा करत नाही. पण चुंबक त्या खात्यातून बाहेर आला, हेही लक्षात ठेवायला हवं.

नातवालाही अदृष्टाचा मोह झाला होता. लाल ओळी पाहून तो म्हणाला होता, "आजी, अंतराळातून कण येतात, मेमरीत एखादा शून्याचा एक होतो!" हे थोतांड नाही. १९७८ साली इंटेलमधल्या मे आणि वूड्स यांनी दाखवलं की चिपच्या वेष्टणातल्या युरेनियम-थोरियमच्या लेशातून निघणारे अल्फा कण मेमरीतला बिट उलटवतात. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या स्कारबेक भागात २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडली. ती शक्य नव्हती म्हणूनच पकडली गेली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, एकच बिट उलटला की एवढीच वाढ होते. तपासात प्रोग्रॅममध्ये चूक सापडली नाही, म्हणून आपोआप बिट उलटला असं मानलं गेलं आणि विश्वकिरणांकडे बोट दाखवलं गेलं. ते सिद्ध झालेलं नाही, बाकी सगळं वजा करून उरलेलं आहे. नैयायिक याला परिशेष अनुमान म्हणतात, आणि ते प्रामाणिक अनुमान आहे, पण वजाबाकी पुरी केल्यावरच. आधी पट्ट्या, मग आकाश.

खरा वाद नंतर झाला. खेळ २४०० वर नीट चालू लागला आणि मी म्हणाले, आता पुन्हा दोन्ही ३२०० वर ठेव आणि पडतो का बघ. नातू उखडला. "चाललंय ना आता? मग कशाला हात लावायचा?" त्याला ठाऊक नसताना तो बौद्धांची बाजू मांडत होता. त्यांची पंचकारणी पाच पायऱ्यांत मिटते: आधी काहीच नव्हतं, कारण आलं, कार्य दिसलं, कारण गेलं, कार्य गेलं. पुरे. नैयायिकाला पुन्हापुन्हा पाहायचं असतं, भूयोदर्शन. कारण चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मध्येच मोहरी घुसते, खोडरबर घुसतो. गुण आल्यावर दुखणं परत बोलावून बघणं, एवढीच एक कसोटी अशी आहे जी कावळा आणि फांदी वेगळी करते. आणि नेमकी ती करायची कुणालाच इच्छा नसते.

हे बोलले आणि गप्प झाले. कारण मीही केली नव्हती.

१९८६ साली माझा मुलगा सहा वर्षांचा होता. पंधरा दिवस ताप. आधी मलेरिया समजून गोळ्या दिल्या, मग विषमज्वर निघाला आणि क्लोरॅम्फेनिकॉल सुरू झालं. त्याच रात्री सासूबाईंनी पालीच्या खंडोबाला नवस बोलला, पोरगं उठलं तर दर पौषात येऊ. पाचव्या दिवशी ताप उतरला. औषध आणि नवस एकाच रात्री. विषमज्वर तसाही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उतरणीला लागतो, हे मी पुढे वाचलं, म्हणजे दावेदार तीन. त्या पाच दिवसांत घरात आणखी काय काय झालं ते मला सांगता येणार नाही. कोण काय देऊन गेलं, काय बंद केलं, मी मुठीत काय धरून बसले होते. वही नव्हती.

सासूबाई २००३ मध्ये गेल्या. त्यानंतरही मी एकही पौष चुकवलेला नाही. तारळी नदीच्या काठी उभी राहते, भंडारा उधळते, परत येते. वर्गात मात्र व्यतिरेक शिकवत राहिले: कारण काढून घ्या आणि कार्य जातं का बघा. एक वर्ष न जाता बघायचं? संगणकाचा ताप परत आणून बघता येतो. पोराचा कोण आणेल? नैयायिक उदयनाचार्यांनी चार्वाकाला बजावलं होतं की संशयाला हद्द असते. जिथे तो आपल्याच वागण्याशी भांडू लागतो तिथे तो थांबतो. धुरासाठी अग्नी आणायला जाणाऱ्याने अग्नी धुराचं कारण आहे की नाही अशी शंका घेऊ नये. श्रीहर्षाने पुढे जवळपास त्यांच्याच शब्दांत ते उलटवलं, भांडण दिसतंय तिथे संशय आहेच की. मी दोघांनाही पूर्ण गुण देत आले. माझं वागणं उदयनांच्या बाजूचं आहे आणि मन श्रीहर्षाच्या. नवसाने ताप गेला असं मी मानत नाही. नवस खोटा ठरेल असा एक दिवसही मी येऊ दिलेला नाही. याला श्रद्धा म्हणावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, पण अंधश्रद्धा म्हणून हिणवणाऱ्यांनी ती कसोटी स्वतःच्या घरातल्या कुणावर केली आहे, हे विचारावंसं वाटतं.

नातवाला यातलं निम्मंच सांगितलं. तो थोडा वेळ वहीची पानं उलटत बसला. रविवारी दुपारी त्याने स्वतःहून दोन्ही पट्ट्या ३२०० वर लावल्या आणि मला शेजारी बसायला सांगितलं. चौतीस मिनिटांनी खेळ मिटला. तो शब्द या वेळी आला नाही. त्याने वहीत वेळ लिहिली, २४०० वर परत आणलं आणि पुन्हा खेळायला बसला. अजून तरी पडलेला नाही. झेंडूचं फूल कॅबिनेटवरच आहे.

पालीची यात्रा पुढच्या महिन्यात आहे. यंदा तो माझ्याबरोबर येतो म्हणालाय.